देवानंद सरांची थंड खोली

हसनाबादच्या देवानंद सरांना न सुधारलेली गोष्ट डोळ्यांसमोर सहन होत नाही. बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून ते निवृत्त झाले तेव्हा गावाला वाटलं, आता सर निवांत बसतील. सरांनाही तसंच वाटलं होतं. पण निवृत्तीच्या चौथ्याच दिवशी त्यांनी स्वयंपाकघरातल्या कुकरला वही लावली. कुठल्या डाळीला किती शिट्ट्या, गॅस मोठा की बारीक, पाणी किती पेले, सगळं तारीखवार लिहायचं. वंदनाबाई आपल्या जुन्या अंदाजानं डाळ शिजवत राहिल्या आणि सर ती डाळ पोटभर खाऊन वहीत ‘प्रयोग यशस्वी’ असं लिहीत राहिले.

मागच्या चौदा एप्रिलला तरुण मंडळींनी त्यांच्या वयाचा मान राखून मिरवणुकीतल्या पाण्याचं काम त्यांच्याकडे दिलं. सरांनी नकाशा काढला. कुठल्या वळणावर किती जार, दर माणशी किती पेले, लहान मुलांना अर्धा पेला. नकाशा इतका सुंदर होता की तो दोन दिवस विहाराच्या दाराशी लावून ठेवला होता. फक्त ते जार सकाळी आठलाच जागोजागी नेऊन ठेवले आणि वर सावली करायची राहून गेली. संध्याकाळी मिरवणूक तिथं पोचली तेव्हा त्या पाण्यात नुसती चहापत्ती टाकायची बाकी होती. लोकांनी समोरच्या घरांतले माठ रिकामे केले. सरांच्या मते नियोजन अचूक होतं, उन्हानं घोळ घातला.

अशा या माणसाच्या घरात सुधारणेचा वाराही न लागलेली एकच गोष्ट होती, ती म्हणजे वंदनाबाईंच्या कोंबड्या. अकरा कोंबड्या आणि एक कोंबडा. सात वर्षांपूर्वी वंदनाबाईंच्या आईनं लेकीच्या पिशवीत दोन तलंगा, कोवळ्या कोंबड्या, घालून दिल्या होत्या, आणि आज अंगणात फिरणारं सगळं खटलं त्या दोघींपासूनच वाढलेलं होतं. आई जाऊन चार वर्षं झाली. भावानं घर विकलं आणि पुण्याला गेला. वंदनाबाई याबद्दल कधी रडल्या नाहीत. एकदाच, दाणे टाकता टाकता म्हणाल्या होत्या, “माहेर म्हनून आता हेच राह्यलं.”

सरांनी कोंबड्यांकडेही मोर्चा वळवून पाहिला होता. प्रत्येकीच्या पायात नंबराचं कडं घालायचं आणि अंड्यांचा तक्ता भिंतीला लावायचा, अशी योजना होती. तेव्हा वंदनाबाई चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाल्या, “घरात काय पण करा. कोंबड्यांना हात लावायचा न्हाई.” चौतीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याला दिलेला हा पहिलाच हुकूम असल्यामुळे सर इतके चकित झाले की त्यांनी तो पाळला.

यंदाच्या मे महिन्यात मात्र प्रश्न उभा राहिला. लेक प्रियदर्शनी संभाजीनगरला असते, तिचे दिवस भरत आले होते आणि आईनं महिनाभर तरी येऊन राहावं असं तिचं म्हणणं होतं. लेकीकडे जाणं भाग होतं, पण कोंबड्यांचं काय? वंदनाबाईंनी मनाशी ठरवून टाकलं होतं. भिंतीपलीकडे दैवशाला राहते, शेतकरणीचं घर, तिच्याही चार-दोन कोंबड्या आहेत, तिच्या हवाली करावं आणि सुटावं.

हे सरांच्या कानावर गेलं आणि त्यांचा पारा चढला.

“मी या घरात जिवंत आहे ना?” ते म्हणाले. “बत्तीस वर्षं मी साठ-साठ पोरं सांभाळली. मला बारा पक्षी सांभाळता येत नाहीत?”

“तसं न्हाई हो,” वंदनाबाई म्हणाल्या. “तुम्ही सांभाळता, पण नुसतं सांभाळून तुमचं भागत न्हाई. तुम्हाला त्यात कायतरी करावं लागतं.”

“काहीही करणार नाही. तू सांगशील तेवढंच. शब्द देतो.”

नवऱ्यानं आजवर वंदनाबाईंना मतं पुष्कळ दिली होती, सूचना तर मोजता येणार नाहीत इतक्या. शब्द असा पहिल्यांदाच दिला होता. त्यांनी तो घेतला.

“मंग नीट ऐका. दाणे टाकायचे ते उजाडायच्या आत. ऊन चढल्यावर खायला घालायचं न्हाई, अंगात गरमी करतंय. अकरा वाजता गोणपाट भिजवून लिंबाखालच्या तारेवर टाकायचं. मातीच्या परळातलं त्यांचं प्यायचं पाणी तीनदा बदलायचं. मोरीमागची माती वली ठेवायची, तिथं उकरून बसत्यात त्या. अन् मोकळ्या ऱ्हाऊ द्यायच्या. दिवसा बिलकुल कोंडायच्या न्हाईत.”

सर “हो, हो” म्हणाले. मुख्याध्यापकांची सूचना वाचून दाखवली जायची तेव्हाही ते असंच म्हणायचे, आणि सूचना काय होती ते नंतर दुसऱ्याला विचारायचे.

वंदनाबाई लेकीकडे गेल्यावर पहिले तीन दिवस सरांनी कमाल केली. पहाटे दाणे, अकराला गोणपाट, घड्याळ लावून पाणी. कोंबड्या सरांना बघून चार हात लांब पळत, पण लिंबाखाली आपापल्या खड्ड्यात पंख पसरून दुपार काढत. रोज संध्याकाळी सहाला वंदनाबाईंचा फोन यायचा आणि सर सांगायचे, “सर्व व्यवस्थित.” तिसऱ्या दिवशी हे सांगताना त्यांना थोडं उदास वाटलं. नुसतं गोणपाट भिजवायला विज्ञानाची पदवी कशाला हवी, असा विचार त्यांच्या मनात आला, आणि घात झाला तो तिथंच.

चौथ्या दिवशी त्यांनी कपाटातून तापमापक काढलं आणि लिंबाच्या फांदीला टांगलं. पारा त्रेचाळीसच्या वर गेला. खाली कोंबड्या चोची उघडून धापा टाकत होत्या, त्यांच्या गळ्याखालची कातडी लकलक हलत होती. हे त्या दर उन्हाळ्यात करतात आणि असंच करून जगतात, पण सरांनी ते जवळ बसून पहिल्यांदाच पाहिलं. त्यांना खरोखर वाईट वाटलं. वंदना बिचारी अडाण्यासारखी या मुक्या जिवांना उन्हात सोडते आणि आपण तिला कधी काही शिकवलं नाही, असं वाटून त्यांचा जीव कळवळला.

पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी आपल्या झोपायच्या खोलीतला कूलर काढला. ऐन मे महिन्यात जालना जिल्ह्यातला माणूस स्वतःचा कूलर दुसऱ्याला देत नाही, सख्ख्या भावालाही नाही. सरांनी तो कोंबड्यांना दिला. हा त्याग खरा होता, तेवढं म्हटलंच पाहिजे.

अंगणाच्या कडेला पत्र्याची एक खोली होती. सरपण आणि एक मोडकी सायकल, एवढाच तिचा संसार. सरांनी ती झाडली, कूलर आत बसवला, टाकी भरली, दुसरं एक तापमापक आत टांगलं. खिडकी लावून घेतली. मग पत्र्याच्या फटी होत्या, दाराखाली चार बोटं जागा होती, तिथं जुनी लुगडी आणि वर्तमानपत्रं कोंबली, म्हणजे तयार झालेला थंडावा फुकट बाहेर जाऊ नये. काटकसर हा सरांचा आवडता विषय.

राहिलं कोंबड्या पकडणं. त्यात तासभर गेला, चष्म्याची एक काडी गेली आणि कोंबडा दोनदा छपरावर गेला. शेवटी बाराही जणांना आत घालून सरांनी दाराला कुलूप लावलं. भिंतीपलीकडून दैवशाला हे सगळं धुणं वाळत घालता घालता बघत होती.

“सर, काय करून राह्यले?” तिनं अखेर विचारलं.

“शास्त्रीय व्यवस्था.”

“पन ताई तर म्हनल्त्या, मोकळ्या ठेवायच्या.”

“दैवशाला, काल बाहेर त्रेचाळीस होतं. आत मी तीस करून दाखवतो. आता तूच सांग, तुला कुठं बसायला आवडेल?”

“मला काय इचारता,” दैवशाला म्हणाली, “मी कोंबडी हाय व्हय?” आणि बादली उचलून घरात गेली.

अकराच्या सुमारास सरांनी खिडकीच्या काचेतून आत पाहिलं. आतल्या तापमापकात एकतीस. बाहेर बेचाळीस, आत एकतीस! बत्तीस वर्षांत एकही प्रयोग इतक्या झटपट जमला नव्हता. त्यांनी दोन्ही पाऱ्यांचे फोटो काढले आणि निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर टाकले. अंगठ्यांचा पाऊस पडला. एका माजी मुख्याध्यापकांनी लिहिलं, ‘आपल्यासारख्या अभ्यासू माणसांची समाजाला गरज आहे.’ सरांनी ते तीन वेळा वाचलं.

आत कोंबड्या चोची उघडून धापा टाकतच होत्या. सरांना वाटलं, जुनी सवय आहे, जाईल हळूहळू.

आता यातली खरी मेख सांगितली पाहिजे. कोंबडीला घाम येत नाही. तोंडावाटे वाफ बाहेर टाकायची आणि अंग निववायचं, एवढीच तिची सोय. ती वाफ घ्यायला हवा कोरडी लागते. बाहेरची हवा भट्टीसारखी तापलेली असली तरी कोरडी होती, आणि सरांनी बंद खोलीत कूलर लावून आतली हवा ओल्या फडक्यासारखी करून टाकली होती. ‘दमट हवेत कपडे लवकर वाळत नाहीत, कारण द्या’ हा दोन गुणांचा प्रश्न सरांनी दर वर्षी घातला होता. ज्यांनी अर्धवट उत्तर लिहिलं त्यांचा एक गुण कापला होता. पण पुस्तकातले कपडे आणि आपल्या अंगणातली कोंबडी यांचा काही संबंध असेल, ही शंका त्या दिवशी त्यांना शिवलीसुद्धा नाही.

पाऊण वाजता वीज गेली. दुपारची ती जातेच, गावातलं शेंबडं पोरही ते सांगेल. डोक्यावरचा पंखा थांबला तसे सर दुपारच्या झोपेतून जागे झाले. कूलरही थांबला असणार, हे त्यांच्या लक्षात आलं. उठावं, दार उघडावं, असंही क्षणभर वाटलं. पण लगेच त्यांच्यातला शिक्षक बोलला. फटी पक्क्या बुजवल्या आहेत. थर्मासमध्ये चहा गरम राहतो, थंड वस्तू थंड राहते. दार उघडलं तर उलट गरम हवा आत शिरेल. सर समाधानानं कुशीवर वळले, आणि वर्तमानपत्रानं वारा घेता घेता त्यांना गाढ झोप लागली.

दोन वाजून गेल्यावर दाराची कडी जोरजोरात वाजली.

“सर! ओ सर! उठा जल्दी!” दैवशाला होती. “कोंबड्यांचा आवाजच न्हाई कवापासून. किल्ली कुठंय त्या खोलीची?”

सर अनवाणीच धावले. अंगणातली फरशी पाय भाजत होती, ते त्यांना नंतर कळलं. कुलूप उघडलं आणि दाराआडून अशी वाफ आली की दोघंही एक पाऊल मागे सरकले. वर पत्रा तापलेला, आत पाणी भरलेली हवा, आणि बाहेर निघायला सरांनी एक फटही ठेवलेली नव्हती. कोंबड्या जमिनीला पोट लावून, पंख पसरून, माना टाकून पडल्या होत्या. सगळ्या दाराच्या बाजूला गोळा झाल्या होत्या. दाराखाली कोंबलेलं लुगडं चोची मारून मारून त्यांनी अर्धं बाहेर ओढलेलं होतं.

“बघत काय राह्यले, उचला!” दैवशाला ओरडली.

दोघांनी त्यांना दोन-दोन करून लिंबाखाली आणलं. सर फ्रीजमधला बर्फ आणायला धावले तर दैवशालानं त्यांना मधेच थांबवलं. “बर्फ नगं, झटका बसंल. माठातलं आना.” तिनं एकेकीचे पाय पाण्यात बुडवले, तुरे ओले केले, बोटानं चोचीशी थेंब लावले. सर तिच्या मागे तांब्या घेऊन वाकलेले. ती सांगेल ते करत होते. अर्ध्या तासानं एकीनं मान उचलली, मग दुसरीनं. कोंबडा उठला आणि पडला, पुन्हा उठला.

नऊ जगले. तीन कोंबड्यांनी मान उचलली नाही. सर बराच वेळ त्यांच्या चोचीशी थेंब लावत राहिले. शेवटी दैवशालानं त्यांच्या हातातला तांब्या काढून घेतला.

भिंतीच्या कडेला सरांनी स्वतः खड्डा खणला. खणताना खिशातला फोन सारखा वाजत होता. ग्रुपवर अजून अभिनंदन चालू होतं. कुणीतरी विचारलं होतं, ‘सर, कूलर कोणत्या क्षमतेचा?’

माती लोटून झाल्यावर सर ओट्यावर बसले. हुशार माणसाचं डोकं अशा वेळी गप्प बसेल तर शपथ. भोकरदनचा बाजार आहे. गावरान कोंबड्या मिळतात. तशाच तीन आणून सोडल्या तर? वंदना महिन्यानं येणार. त्यांनी हे दैवशालाला हळूच बोलून दाखवलं.

“आना की,” दैवशाला म्हणाली. “कशा आनता?”

“तशाच. हुबेहूब.”

“तशाच म्हंजी कशा, सर? कोन कोन गेल्या, सांगा बरं.”

सरांनी तोंड उघडलं. एक तांबडी होती. एक... करडी असावी. तिसरी काळपट, की तीच करडी? आत्ताच स्वतःच्या हातांनी मातीआड केलेल्या तीन कोंबड्या सरांना डोळ्यांसमोर आणता येईनात. त्यांनी दैवशालाकडे पाहिलं.

“ताईनं समद्यांना नावं ठेवल्याली हायेत,” ती म्हणाली. “तुम्हाला म्हाईत न्हाई?”

सरांना माहीत नव्हतं. सात वर्षं त्याच अंगणात खुर्ची टाकून ते पेपर वाचत होते, आणि बायको रोज पहाटे कुणाशी बोलते हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

सहाला फोन आला. सरांनी मनात वाक्य तयार ठेवलं होतं, ‘सर्व व्यवस्थित, ऊन फार आहे म्हणून थोड्या सुस्तावल्यात.’ पडद्यावर वंदनाबाईंचा चेहरा आला, मागे प्रियदर्शनी पाय पसरून बसलेली.

“पोरगी बरी हाये,” वंदनाबाई म्हणाल्या. “डाक्टर म्हनले, अजून आठ दिवस. कोंबड्या दाखवा.”

“आता अंधार पडतोय, उद्या—”

“मे महिन्यात सहाला कसला अंधार? खाली धरा फोन. खाली, जमिनीपाशी.”

सर वाकले. फोनमधून वंदनाबाईंनी हाक घातली, “आऽ आऽ, तीऽ तीऽ तीऽ...” आणि पाच दिवस सरांच्या सावलीला घाबरून पळणाऱ्या, आत्ता पायांवर धड उभ्या न राहणाऱ्या त्या कोंबड्यांनी माना वर केल्या. लिंबाखालून, मोरीमागून त्या आल्या, लंगडत, पंख ओढत, पण आल्या. एकीनं पडद्यावर चोच मारली.

वंदनाबाई हसायला लागल्या. “हां, चिमे, आलीस? ही मैना. कलेक्टरीणबाई, सरका, तिला येऊ द्या म्होरं. दगडी, अशी का गं चालतीस? पाय दुखतो का?” त्या एकेकीशी बोलत गेल्या. मग बोलणं हळूहळू कमी झालं. त्यांचे डोळे पडद्यावर इकडून तिकडे फिरायला लागले.

“ठकी कुठंय?” त्यांनी विचारलं. “ठके! आऽ आऽ! म्हातारी झाली, ऐकू कमी येतं तिला. जरा मोरीकडं न्या फोन.”

सर मोरीकडे गेले. का गेले, त्यांनाच कळलं नाही. वंदनाबाईंनी मोरीकडे तोंड करून हाक मारली. “ठकेऽ, आईची गं माझ्या, ये लौकर!” पुन्हा मारली. सासूबाईंनी दिलेल्या दोन तलंगांपैकी एक आज सकाळपर्यंत जिवंत होती, हे त्यांना आत्ता, या क्षणी कळत होतं. तयार केलेलं वाक्य जिभेवर होतं. तिसऱ्या हाकेला ते म्हणाले,

“ती नाही येणार, वंदना. तिघी गेल्या. मी खोलीत कोंडल्या होत्या. तू नको म्हणाली होतीस.”

कारणं सांगायची सरांना फार हौस, पण त्यांनी एकही कारण सांगितलं नाही. हवा, वीज, पत्रा, कशाचंही नाव घेतलं नाही.

प्रियदर्शनी मागून म्हणाली, “आई, काय झालं?” वंदनाबाई म्हणाल्या, “काही न्हाई.” त्यांनी पदरानं तोंड पुसलं. त्या ओरडल्या असत्या तर सरांना बरं वाटलं असतं. त्या ओरडल्या नाहीत. दाराशी आलेल्या परक्या माणसाशी बोलावं तशा साध्या आवाजात म्हणाल्या, “दैवशाला हाये का तिथं? तिच्याकडं द्या फोन.”

सरांनी भिंतीवरून फोन दिला.

“दैवशाला,” आवाज आला, “त्या नऊ तुझ्या घरी घेऊन जाय. मी येस्तोवर तिथंच ऱ्हाऊ दे.”

“बराबर, ताई,” दैवशाला म्हणाली, आणि सरांकडे न बघता फाटकातून आत आली. सरांना लाज वाटली, अगदी शाळकरी पोरासारखी कान तापवणारी लाज. निदान आपल्या हातांनी पकडून द्याव्यात म्हणून ते वाकले, तशा कोंबड्या फडफडत चारी दिशांना पांगल्या. एकही हाताला लागेना.

“ऱ्हाऊ द्या, सर,” दैवशाला म्हणाली. “तुम्ही फाटक धरा.”

तिनं फोन जमिनीलगत धरला आणि चालायला लागली. वंदनाबाई हाक मारत होत्या. नऊच्या नऊ त्या आवाजामागे ओळीनं निघाल्या आणि सरांच्या पायांजवळून बाहेर गेल्या. सर फाटक धरून उभे होते.